गिल्ड वॉर्समधील अ‍ॅसॅसिन कसा लढतो: साखळी, एनर्जी आणि परतीचा मार्ग

ऐरोलीहून आलेला तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गिल्ड वॉर्स या ऑनलाइन खेळात तुमचा खंजिरांनी लढणारा अ‍ॅसॅसिन विसाव्या लेव्हलला पोहोचला आहे, डॅगर मास्टरी, म्हणजे खंजिरांचे कौशल्य, १२ वर आहे, खंजीर चांगल्या प्रतीचे आहेत, तरीही प्रत्येक मोठ्या लढाईत सर्वांत आधी तुमचेच पात्र पडते आणि घणसोलीतील तुमचे मित्र तुम्हांला वॉरियर घेण्याचा आग्रह करू लागले आहेत, अशा वेळी कोणते स्किल बदलावे? माझे उत्तर असे की, निदान सुरुवातीला एकही स्किल बदलू नये. अ‍ॅसॅसिनची स्किल एका ठरावीक क्रमाने आणि ठरावीक अटींवर चालतात. तो क्रम पूर्ण होईल अशी परिस्थिती दिसल्यावरच पुढे जायचे, ही या पात्राची मूळ शिस्त आहे आणि तुमच्या वर्णनावरून तीच सुटलेली दिसते. ठाण्यातील आमच्या लहानशा गटात मी नव्या खेळाडूंना हे पात्र बरीच वर्षे शिकवत आलो आहे, आणि चांगली शस्त्रे हाती असलेला खेळाडू बहुधा याच ठिकाणी अडतो, असा माझा अनुभव आहे.

अ‍ॅसॅसिन हा पेशा २००६ च्या एप्रिलमध्ये आलेल्या फॅक्शन्स या भागाबरोबर, रिच्युअलिस्ट या दुसऱ्या पेशासोबत, खेळात आला. या खेळात लेव्हल २० वर थांबते आणि स्किल बारवर एका वेळी आठच स्किल ठेवता येतात, त्यांतही एलिट, म्हणजे खास ताकदीचे स्किल, फक्त एक. त्यामुळे पात्र जितके जुने तितके बलवान, हा इतर अनेक ऑनलाइन खेळांतील हिशोब येथे लागू पडत नाही. विसाव्या लेव्हलच्या प्रत्येक पात्राची मूळ हेल्थ ४८० असते, मग ते काल तयार झालेले असो वा दहा वर्षांपूर्वी. खेळाडूंमधला फरक पडतो तो आठ स्किलची निवड आणि ती वापरण्याची वेळ, या दोनच गोष्टींनी.

आता साखळीकडे येऊ, कारण सगळे तेथेच ठरते. खंजिरांचे हल्ले तीन प्रकारचे असतात: लीड अटॅक, ऑफ-हँड अटॅक आणि ड्युअल अटॅक. लीड अटॅकला बहुधा कोणतीही पूर्वअट नसते. ऑफ-हँड अटॅक सामान्यतः लीड अटॅक लागल्यानंतरच चालतो आणि ड्युअल अटॅक ऑफ-हँड लागल्यानंतर. येथे ‘लागल्यानंतर’ हा शब्द शब्दशः घ्यावा. तुमचा लीड अटॅक शत्रूने अडवला किंवा तो चुकला, तर पुढचा ऑफ-हँड अटॅक बटण दाबूनही वाया जातो, स्किलसाठी लागणारी एनर्जी खर्च होते, स्किल रिचार्जला जाते, म्हणजे काही वेळ वापरता येत नाही, आणि त्यानंतरच्या ड्युअल अटॅकचा प्रश्नच उरत नाही. एक वार अडवला गेल्याने वॉरियरचे एका वाराचे नुकसान होते. तुमचे तीन वारांचे होते. याउलट साखळी पूर्ण झाली तर ड्युअल अटॅक एकाच हल्ल्याच्या वेळेत दोनदा लागतो, आणि अ‍ॅसॅसिनच्या माऱ्याचा मोठा वाटा त्या दोन घावांतून येतो.

जॅग्ड स्ट्राइक, फॉक्स फँग्ज आणि डेथ ब्लॉसम हे प्रसिद्ध त्रिकूट या दृष्टीने पाहावे. जॅग्ड स्ट्राइक हा स्वस्त लीड अटॅक असून तो रक्तस्राव सुरू करतो आणि जवळजवळ लगेच पुन्हा तयार होतो, त्यामुळे तो अडवला गेला तरी फार बिघडत नाही, पुन्हा मारावा. फॉक्स फँग्ज अडवताच येत नाही, म्हणून साखळीचा मधला आणि सर्वांत नाजूक दुवा त्याने भक्कम होतो. डेथ ब्लॉसम मुख्य शत्रूबरोबर त्याला लागून उभ्या असलेल्या सगळ्यांना इजा करतो. प्रत्येकी ५ एनर्जीची ही तीन साधी स्किल एवढी वर्षे टिकून राहिली, याचे कारण त्यांच्या आकड्यांपेक्षा त्यांच्या रचनेत आहे: जो दुवा तुटण्याची भीती जास्त, तो एकतर फुकटात पुन्हा जोडता येतो किंवा तुटतच नाही.

याच विचाराने पुढची स्किल वाचली की बाकीचा संच आपोआप उलगडतो. काही ऑफ-हँड अटॅकना लीडची गरज नसते, मात्र त्यांच्या अटी वेगळ्या असतात. ब्लॅक स्पायडर स्ट्राइकला शत्रूवर हेक्स, म्हणजे अपायकारक मंत्र, असावा लागतो, फॉलिंग स्पायडरला शत्रू जमिनीवर पडलेला असावा लागतो, आणि गोल्डन फीनिक्स स्ट्राइकसाठी तुमच्या स्वतःवर एखादे एन्चँटमेंट, म्हणजे उपकारक मंत्र, असावे लागते. पाम स्ट्राइक हे एलिट स्किल तर हल्ला नसून स्पर्शाने चालणारे स्किल आहे, तरीही ते ऑफ-हँड म्हणून धरले जाते. ते शत्रूला लंगडा करते, आणि ट्रँपलिंग ऑक्स हा ड्युअल अटॅक लंगड्या शत्रूला खाली पाडतो. खाली पडलेल्या शत्रूला फॉलिंग स्पायडर लागतो, विष चढते, आणि तो स्वतः ऑफ-हँड असल्याने त्यामागून ट्विस्टिंग फँग्ज मारता येतो. एका स्किलचा परिणाम हीच पुढच्या स्किलची अट असते. हे जुळवण्याचा आनंद मला आजही तितकाच वाटतो, आणि तुम्हांला वॉरियर घेण्याचा सल्ला मी देणार नाही, त्याचे हेही एक कारण आहे.

ट्विस्टिंग फँग्जविषयी थोडे अधिक सांगतो. हा ड्युअल अटॅक रक्तस्राव आणि खोल जखम, म्हणजे डीप वूंड, दोन्ही देतो. डीप वूंडमुळे शत्रूची कमाल हेल्थ २० टक्क्यांनी, पण जास्तीत जास्त १०० ने घटते आणि त्याला मिळणारे उपचारही २० टक्क्यांनी कमी पडतात. म्हणजे ४८० हेल्थच्या पात्राची ९६ हेल्थ एका क्षणात जाते, आणि चिलखत कितीही जाड असले तरी जाते. रक्तस्रावाने दर सेकंदाला ६ आणि विषाने ८ हेल्थ घटते. दोन्ही एकत्र आले तर सेकंदाला १४. अशा घसरणीची कमाल मर्यादा सेकंदाला २० आहे, हे लक्षात ठेवले तर चौथा-पाचवा रोग चढवण्यात वेळ घालवण्याचा मोह होत नाही.

चिलखताचा उल्लेख आला आहे, तर तुमचे ‘उत्तम खंजीर’ अपेक्षेइतके का लागत नाहीत, तेही पाहू. खंजिराचा मारा ७ ते १७ असतो, तर तलवारीचा १५ ते २२. दोन्ही शस्त्रे एकाच वेगाने, १.३३ सेकंदाला एक वार, चालतात. खंजिराची भरपाई अशी केली आहे की डॅगर मास्टरीच्या प्रत्येक अंकामागे २ टक्के दुहेरी वाराची शक्यता मिळते. परंतु ही दुहेरी संधी फक्त साध्या वारांना मिळते, स्किलच्या वारांना नाही. त्यातच खेळाचा नियम असा आहे की चिलखतात ४० ची वाढ झाली की मारा निम्मा होतो. वॉरियरचे चिलखत ८० असते आणि शारीरिक माऱ्याविरुद्ध त्यात आणखी २० ची भर पडते, म्हणून उपचार करणाऱ्या, ६० चिलखताच्या मॉंकवर सरासरी १२ चा पडणारा वार वॉरियरवर ६ वर येतो. त्याच्या हाती ढाल असेल तर आणखी कमी. मात्र स्किलमुळे मिळणारा वाढीव मारा चिलखत विचारात घेत नाही. यातून दोन निष्कर्ष निघतात. अ‍ॅसॅसिनचा जीव साध्या वारांत नसून स्किलच्या वाढीव माऱ्यात आहे. आणि समोर पहिला उभा असलेला जाडजूड वॉरियर हे तुमचे लक्ष्य नव्हे. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात तीन वेळा ‘समोरच्याशी भिडलो’ असे लिहिले आहे. तेवढ्यावरूनच मला बरेचसे समजले.

एनर्जीचा हिशोब बहुतेक नवे खेळाडू करतच नाहीत. चिलखतासह अ‍ॅसॅसिनकडे मूळची २५ एनर्जी असते आणि ती सेकंदाला साधारण १.३३ या दराने भरते. वर सांगितलेल्या त्रिकुटाची एक फेरी १५ एनर्जी खाते आणि सुमारे चार सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात परत येते साडेपाचच्या आतबाहेर. प्रत्येक फेरीत जवळजवळ दहाची तूट पडत असेल, तर दुसऱ्या फेरीनंतर तुम्ही रिकामे होता, आणि रिकामा अ‍ॅसॅसिन म्हणजे कमकुवत वार करणारा, ७० चिलखताचा, शत्रूंच्या मधोमध उभा असलेला माणूस. ही तूट भरून काढण्यासाठीच क्रिटिकल स्ट्राइक्स हे गुण टाकून वाढवता येणारे या पेशाचे मुख्य अ‍ॅट्रिब्यूट आहे. त्याच्या प्रत्येक अंकाला मर्मघाताची, म्हणजे जास्त इजा करणाऱ्या क्रिटिकल वाराची, शक्यता १ टक्क्याने वाढते, आणि प्रत्येक मर्मघाताला एनर्जी परत मिळते: अ‍ॅट्रिब्यूट ३ वर असताना १, ८ वर असताना २ आणि १३ वर असताना ३. एका फेरीत एकूण चार घाव लागतात, कारण ड्युअल अटॅकचे दोन धरायचे. त्यांतील दोन मर्मघात झाले तर १३ वर ६ एनर्जी हाती येते आणि तूट निम्म्याहून कमी होते. शिवाय झीलस जातीचे खंजीर प्रत्येक लागलेल्या घावाला १ एनर्जी देतात आणि त्या बदल्यात एनर्जी भरण्याचा वेग एका टप्प्याने कमी करतात. सतत वार चालू असतील तर हा सौदा फायद्याचा, आणि नुसते उभे राहिलात तर तोट्याचा. म्हणून लढाई संपली की दुसऱ्या शस्त्रसंचावर जाण्याची सवय लावून घ्यावी.

अ‍ॅट्रिब्यूटचे २०० गुण कसे वाटावेत, यावर आमच्या गटातही एकमत नाही. जुनी आणि लोकप्रिय वाटणी १२, १२ आणि ३ अशी आहे: डॅगर मास्टरी आणि क्रिटिकल स्ट्राइक्स दोन्ही १२, म्हणजे १९४ गुण, आणि उरलेल्या ६ गुणांत शॅडो आर्ट्स ३. मुखवट्याचा, म्हणजे या पेशाच्या शिरस्त्राणाचा, १ आणि चिलखतात बसवायच्या साध्या रूनचा १ मिळून डॅगर मास्टरी १४ होते आणि क्रिटिकल स्ट्राइक्स रूनमुळे १३ वर जाऊन तिसरी एनर्जी देऊ लागते. कागदावर हे उत्कृष्ट आहे. पण तुमच्यासारख्या वारंवार पडणाऱ्या खेळाडूला मी ११, १०, १० अशी वाटणी देईन, जिला १९९ गुण लागतात. त्यात शॅडो आर्ट्स १० वर येते आणि शॅडो रेफ्यूजसारखी स्वतःला सावरणारी स्किल खरोखर उपयोगी पडू लागतात. मर्मघाताला तीनऐवजी दोन एनर्जी मिळेल. तेवढा तोटा सोसावा, कारण मेलेल्या पात्राची एनर्जी कोणाच्याच कामाची नसते. सुपीरियर, म्हणजे सर्वांत वरच्या प्रतीचा, रून मात्र लावू नका. एका रूनमागे ७५ हेल्थ कायमची जाते आणि तुमच्या अडचणीवरचा तो नेमका उलटा उपाय ठरेल.

आता आत जाणे आणि बाहेर येणे. शॅडो स्टेप, म्हणजे एका जागेहून दुसऱ्या जागी क्षणात प्रकट होणे, ही अ‍ॅसॅसिनची ओळख आहे. डेथ्स चार्ज तुम्हांला थेट शत्रूजवळ नेते आणि त्याची हेल्थ तुमच्यापेक्षा जास्त असेल तर तुमची हेल्थही भरून देते. रिटर्न तुम्हांला सहकाऱ्याजवळ परत आणते आणि निघताना आसपासच्या शत्रूंना लंगडे करते. नवे खेळाडू पहिले स्किल घेतात आणि दुसरे टाळतात, कारण परतीच्या स्किलने कोणाची हेल्थ कमी होत नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याला गडी बाद करूनही मध्यरेषा गाठावी लागते, नाहीतर त्याचा गुण समोरच्यांच्या खात्यात जातो. अ‍ॅसॅसिनचेही तसेच आहे, आणि ठाण्यातल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आत कधी जायचे, हा प्रश्न लक्ष्य कोणते यापेक्षाही महत्त्वाचा आहे. रडारवर तुमच्याभोवती दिसणारे पांढरे वर्तुळ शत्रूला टेकले की ते तुमच्यावर चालून येतात, आणि डेथ्स चार्जने तुम्ही ते वर्तुळ एकदम त्यांच्या गर्दीत नेऊन ठेवता. गटातील वॉरियर किंवा मिनियन, म्हणजे मृतदेहांतून उठवलेले साहाय्यक, आधी भिडू द्यावेत, शत्रूंनी आपापली लक्ष्ये धरू द्यावीत, दोन-तीन सेकंद थांबावे, आणि मग मागच्या रांगेतील मॉंक किंवा मंत्रांनी मारा करणारा एलिमेंटलिस्ट निवडून आत जावे. ही दोन-तीन सेकंदे फार अवघड जातात, याची मला कल्पना आहे. वाशीतील आमचा एक सहकारी त्या वेळात मुद्दाम शत्रूंच्या गर्दीवरून लक्ष्य बदलत फिरतो आणि कोणावर कोणते हेक्स, कोणते एन्चँटमेंट आहे ते पाहून घेतो. रिकाम्या वेळेचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

आत गेल्यावर तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. शत्रूवर गार्डियन किंवा एजिस असेल तर तुमचे निम्मे वार अडवले जातील. मग त्याचे एन्चँटमेंट निघेपर्यंत दुसरा शत्रू घ्यावा, किंवा अडवता न येणारे वार राखून ठेवावेत. तुमच्यावर आंधळेपणा आला तर ९० टक्के वार चुकतात, तेव्हा साखळी सुरूच करू नये. आणि एम्पथी किंवा स्पाइटफुल स्पिरिटसारखा हेक्स तुमच्यावर पडला, तर तुमचा वेगच तुमचा शत्रू होतो, कारण ते हेक्स तुमच्या प्रत्येक हल्ल्यामागे तुम्हांलाच इजा करतात आणि तुम्ही एकामागून एक सतत हल्ले करत असता. वार थांबवावेत, रिटर्नने मागे यावे, हेक्स काढून घ्यावा. सर्वांत आधी पडण्यामागे एनर्जीच्या खालोखाल हे कारण असते, आणि लढाईच्या धांदलीत ते लक्षातही येत नाही. स्वतःच्या अंगावरची चिन्हे वाचण्याची सवय त्यासाठीच हवी.

आपल्याकडच्या इंटरनेटविषयीही बोलायला हवे, कारण सर्व्हर दूर असल्याने आज्ञा पोहोचून उत्तर परत येईपर्यंत जाणवण्याइतका वेळ जातो. घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींत वाय-फायवर खेळणाऱ्या आमच्या मंडळींना हा विलंब अधिक जाणवतो. संगणकाला थेट तार जोडल्यावर बराच फरक पडतो. या खेळात एक स्किल चालू असताना पुढचे बटण दाबून ठेवले तर ते रांगेत लागते, आणि विलंब असेल तेव्हा ही सोय फार मोलाची वाटते. पण साखळीत तीच सोय घात करते, कारण लीड अटॅक लागला की अडवला गेला हे दिसण्याआधीच तुम्ही ऑफ-हँडची ५ एनर्जी गहाण टाकलेली असते. माझा नियम असा आहे: लीडनंतर रांग लावू नये, निकाल पाहावा, फॉक्स फँग्जनंतर मात्र निःशंकपणे डेथ ब्लॉसमचे बटण दाबून ठेवावे, कारण आंधळेपणा नसेल तर फॉक्स फँग्जचा वार हुकण्याची भीती फारशी नसते. लक्ष्याच्या हेल्थच्या पट्टीवर साखळीचा टप्पा दाखवणारी लहानशी खूण येते. डोळे तेथे ठेवावेत, खंजिरांच्या हालचालींकडे नव्हे.

तुम्ही शॅडो फॉर्मविषयीही विचारले आहे. हे एलिट स्किल तुमच्यावर टाकलेले शत्रूंचे मंत्र निष्फळ करते आणि डेडली पॅरॅडॉक्स या दुसऱ्या स्किलच्या जोडीने ते अखंड चालू ठेवता येते, म्हणून एकट्याने संपत्ती गोळा करणाऱ्यांचे ते आवडते आहे. परंतु डेडली पॅरॅडॉक्स वापरले की तुमची हल्ल्याची स्किल काही काळ बंद पडतात. तो वेगळा खेळ आहे आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. गटात लढायला शिकेपर्यंत ते बाजूला ठेवावे.

ही शिस्त अंगी बाणल्यावर स्किल बदलायचीच असतील, तर बार असा ठेवावा: जॅग्ड स्ट्राइक, फॉक्स फँग्ज, डेथ ब्लॉसम, एलिट म्हणून मोबियस स्ट्राइक, मग डेथ्स चार्ज, रिटर्न, शॅडो रेफ्यूज आणि शेवटी पडलेल्या साथीदाराला उठवणारे रिझरेक्शन सिग्नेट. मोबियस स्ट्राइक हा ड्युअल अटॅकनंतर चालणारा ऑफ-हँड आहे आणि शत्रूची हेल्थ निम्म्याखाली असेल तर तो तुमचे बाकीचे सगळे हल्ले तत्काळ तयार करून देतो. म्हणून शत्रू निम्म्यावर येईपर्यंत त्रिकूट वापरावे, आणि तेथून पुढे डेथ ब्लॉसम, मोबियस, पुन्हा डेथ ब्लॉसम अशी दोन स्किलची आवर्तने चालवावीत. गर्दी दाट असेल तर शेजारचेही त्यात खचतात. शॅडो रेफ्यूज संपण्याच्या क्षणी तुम्ही हल्ला करत असाल तरच शेवटची मोठी हेल्थ मिळते, त्यामुळे ते पळताना नव्हे, साखळीच्या मध्ये लावावे. मधे असे मंत्र लावल्याने साखळी तुटत नाही.

सरावासाठी आयल ऑफ द नेमलेस या बेटावर जावे. तेथे वेगवेगळ्या चिलखतांचे पुतळे उभे आहेत; त्यांतील ६० आणि १०० चिलखताच्या पुतळ्यांवर हीच साखळी मारून दोन्ही आकडे लिहून काढावेत. नंतर स्वतःची एनर्जी पाहत किती फेऱ्या सलग चालतात ते मोजावे, आणि शेवटची फेरी सुरू करण्याआधी रिटर्नपुरती एनर्जी शिल्लक राहते का, ते तपासावे. राहत नसेल, तर त्याच्या आदल्या फेरीला बाहेर पडायचे.